पाटीवर नाव कुणाचं?

कराडहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य मजकूर असा:

"मी एका सहकारी संस्थेतून गेल्या वर्षी क्लार्क म्हणून निवृत्त झालो. सहा वर्षांपूर्वी आम्ही घरी चकलीची भाजणी करून शेजारीपाजारी द्यायला सुरुवात केली. कल्पना साधीच होती. सौ.च्या हाताला चव आहे, देवाच्या दयेने चाललं. आता थालिपिठाची भाजणीही असते. गेल्या वर्षी सगळी मिळून दीड हजार किलो गेली, त्यातली सहाशे किलो एकट्या दिवाळीत. 260 रुपये किलोने विकतो. खर्च वजा जाता 1,65,000 रुपये निव्वळ नफा झाला. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी माझ्या नावावर आहे. आता आठ लाखांचं कर्ज काढून गाळा आणि यंत्रं घ्यायची आहेत. मुलाला बारावी सायन्सला 74 टक्के, सीईटीला 81 पर्सेंटाइल. त्याच्या डोक्यात जिऑलॉजीचं काहीतरी आहे. आयता धंदा सोडून पोरगा दगड बघत फिरणार, हे पटत नाही. मी समजावलं, तो काही बोलला नाही, म्हणजे त्याची ना नाही. 'अँड सन' अशी पाटी रंगवायला टाकली आहे. त्याला बीबीएला घालू की फूड टेक्नॉलॉजीला, एवढंच सांगा."

नमस्कार. तुम्ही विचारलंय तेवढ्याचं उत्तर आधी देते. बीबीएसाठी राज्याची वेगळी सीईटी असते. फूड टेक्नॉलॉजीचा बी.टेक. परभणीसारख्या ठिकाणी कृषी विद्यापीठांत होतो आणि तिथले प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतात. पण तुमच्या मुलाला यातल्या कशालाच घालू नका. निदान आज तरी नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. "तो काही बोलला नाही, म्हणजे त्याची ना नाही" या वाक्यापाशी दर वेळी अडखळले. माझ्यासमोर रोज अशी मुलं येऊन बसतात. आईवडील बोलत असतात आणि मुलगा खुर्चीच्या हातावर नखाने रेघा ओढत असतो. पालकांना बाहेर बसवलं की पहिली पाच मिनिटं तो तसाच गप्प असतो. मग हळूच एक वाक्य येतं, "सांगून काय उपयोग?" हे वाक्य इतक्या मुलांकडून ऐकलंय की मुलाच्या गप्प बसण्याला मी होकार धरतच नाही. वडिलांनी आठ लाखांचा बेत केलाय, पाटी रंगाऱ्याकडे गेलीय, अशा घरात अठरा वर्षांचा मुलगा तोंड उघडणार कसा? तुम्ही त्याला विचारलं नाहीत, समजावलंत. हा शब्द तुमचाच आहे.

पण पत्रातली याहून मोठी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. "सुरुवात केली", "विकतो", "नफा झाला" हे सगळं आहे, पण भाजणी कोण करतं? अख्ख्या पत्रात वहिनींच्या वाट्याला अर्धी ओळ आली आहे, "सौ.च्या हाताला चव आहे". आणि तिला लागूनच देवाची दया!

भाजणी म्हणजे नुसती हाताची चव नव्हे. मी घरी करते, म्हणून ठाऊक आहे. चार वाट्या तांदूळ धुवायचे, सुती कापडावर सावलीत सुकवायचे. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, थोडी मुगाची, पोहे, धणे, जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर, झारा थांबू न देता. उडदाची डाळ गुलाबीच्या पुढे गेली की सगळी भाजणी कडवट. तांदूळ कच्चे राहिले की चकली चिवट. मग गिरणीत ताटकळायचं, आधीचं दळण गव्हाचं असेल तर गिरणीवाल्याला विनवून आधी डाळ टाकायला लावायची. दीड हजार किलो म्हणजे हे सगळं वर्षभर, रोज. उन्हाळ्यात शेगडीसमोर पाच तास कोण उभं असतं, हे तुम्ही रोज बघता. म्हणूनच कदाचित पत्रात लिहायचं राहून गेलं.

आता त्या निव्वळ नफ्याकडे येते. घरगुती धंदा करणाऱ्या शंभरातल्या नव्वद घरांत मला हाच गैरसमज भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही धान्य, गॅस, दळण, पिशव्या, वाहतूक असा सगळा खर्च धरला असणार. वहिनींची मजुरी धरली का? दिवसाला पाच तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे दीड हजार तास होतात. तासाला 80 रुपये धरले तर 1,20,000 झाले. हा दर मी मुद्दाम कमी धरलाय. स्वयंपाकाला बाई बोलावलीत तर ती काय घेईल, हे तुमच्या गल्लीत विचारून पाहा. 1,65,000 मधून 1,20,000 गेले की उरतात 45,000 रुपये. वर्षाचे, महिन्याचे नव्हेत. म्हणजे तुम्ही ज्याला नफा म्हणता त्यातला बराचसा भाग वहिनींचा न दिलेला पगार आहे. आणि ते आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं म्हटलं, तर व्याज बाजूला ठेवलं तरी नुसतं मुद्दल वर्षाला 1,60,000 होतं. ते फेडायचं तर वहिनींनी पुढची पाच वर्षंही फुकट राबायला हवं, आणि मुलाचा पगार मग उरतोच कुठून? मुलासाठी आयता धंदा अजून तयार झालेला नाही. एका बाईच्या कष्टावर उभं असलेलं, चांगलं चाललेलं, छोटं काम एवढंच आज तिथे आहे. ते वाढू शकतं, नक्की वाढू शकतं. पण आधी त्याचा हिशोब खरा मांडा.

माझ्या मावशीची गोष्ट सांगते. तिने बावीस वर्षं मेतकूट केलं. दुकानाच्या पाटीवर काकांचं नाव, बिलावर काकांचं नाव, बँकेतलं खातंही काकांचं. काका गेल्यावर दुकान सावरायला थोडं कर्ज मिळतंय का, हे बघायला ती बँकेत गेली. साहेबांनी विचारलं, "तुमचा अनुभव किती?" बावीस वर्षांतला तिचा एकही दिवस कुठल्या कागदावर नव्हता. ती घरी आली आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवशी मला तिच्यासाठी काहीच करता आलं नाही. म्हणून आज तुम्हाला इतक्या पोटतिडकीने लिहिते आहे.

साध्या कल्पनेतून मोठा धंदा उभा राहिल्याची गोष्ट सगळ्यांना आवडते. लिज्जत पापडाची तर घराघरात सांगितली जाते. 15 मार्च 1959, गिरगावातल्या एका जुन्या इमारतीची गच्ची, सात बायका, उसने घेतलेले 80 रुपये आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं. या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं मात्र बरेचदा सांगायचं राहतं. तिथे जी पापड लाटते तीच मालकीण असते. त्या एकमेकींना बहिणी म्हणतात आणि नफ्यात सगळ्यांचा वाटा असतो. पुढे ती संस्था देशभर पसरली आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. पापड त्याआधीही घरोघर लाटले जातच होते. लाटणाऱ्या बाईची मालकी ही त्यातली नवी गोष्ट होती.

दुसरं उदाहरण तुमच्या उंबऱ्याबाहेरचंच आहे. कराडजवळची ओगलेवाडी. ओगले बंधूंनी 1916 साली तिथे काचेचा कारखाना काढला आणि महाराष्ट्रात घराघरांत प्रभाकर कंदील पोचला. भावाभावांनी मिळून उभं केलेलं केवढं मोठं काम! पुढे गावोगाव वीज आली, कंदिलाचे दिवस सरले, आज तो कारखाना बंद आहे. यात ओगल्यांचं काही कमी पडलं असं मी म्हणत नाही. चाळीस वर्षांनी कुठली वस्तू खपेल हे कुणाच्याच हातात नसतं, म्हणून अठरा वर्षांच्या मुलाचं अख्खं आयुष्य आज एका वस्तूला बांधू नये, एवढंच म्हणते. तो काही वेगळं शिकला, चार ठिकाणी राहिला आणि पुढे स्वतःहून भाजणीकडे वळला, तर येताना काहीतरी घेऊन येईल. आत्ता बांधून घातलात तर अंगाने गाळ्यात बसेल, मनाने नाही.

तेव्हा यंदा तुमच्या घरात ज्यांच्या करिअरचा विचार व्हायला हवा, त्या वहिनी आहेत. त्यांच्या आधार आणि पॅनवर उद्यम नोंदणी नव्याने करा, तिला पैसे लागत नाहीत, आणि तुमच्या नावावरची रद्द करा. खाद्यपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआयची नोंदणी, बँकेतलं चालू खातं, सगळं त्यांच्या नावावर. दर महिन्याला त्यांच्या स्वतःच्या बचत खात्यात पगार जाऊ दे, सुरुवातीला पाच हजार का असेना. गाळा यंदा नकोच. आधी भाजायचं यंत्र आणि लहान घरगुती गिरणी याचा खर्च काढा. त्याने दिवसाचे दोन तास वाचले तरी वहिनींच्या खांद्याला आराम पडेल. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली केंद्राची योजना सुरू झाली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, अनुदान ठेवलं होतं. सध्या अर्ज घेताहेत का, हे तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा, आणि जाताना वहिनींना बरोबर न्या. बोलू दे त्यांना. भाजणीबद्दल तुमच्याहून त्या चांगलं सांगतील.

तुमच्यासाठीही काम आहे, आणि ते छोटं नाही. आयुष्यभर तुम्ही हिशोब लिहिलेत. या धंद्याला तोच माणूस हवाय. कुठल्या महिन्यात किती किलो गेली, उधारी कुणाकडे, उडीद डाळीचा भाव कधी चढतो, याची वही ठेवा. वहिनी अंदाजाने घेतात ते प्रमाण वजनात लिहून काढा, त्यांच्याशेजारी उभं राहून, वजनकाटा हातात घेऊन. आज ती कृती फक्त त्यांच्या हातात आहे. त्या आठ दिवस आजारी पडल्या तर काय कराल?

आता मुलाबद्दल. तुम्ही ज्याला दगड बघत फिरणं म्हणता ते तुमच्याच तालुक्यात फार मोठं काम आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. तुमच्या वयाचा हिशोब केला तर तुमचा जन्म त्याच सुमाराचा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना त्या रात्रीबद्दल विचारा, आणि विचारताना मुलाला जवळ बसवा. त्या भागात भूकंप का होतात, हे समजून घ्यायला कोयना परिसरात गोठण्याला 3 किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. त्याचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. ओगलेवाडीच्या शेजारीच! इतक्या वर्षांत तिच्यावरून किती वेळा गेला असाल.

मुलाला जिऑलॉजीच करायची असेल तर पुण्याच्या फर्ग्युसनसारख्या कॉलेजात बी.एस्सी. होते, पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं, मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची परीक्षा आहे, राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. वाट लांब आहे आणि जागा मोजक्याच असतात, हे त्याला आजच माहीत असलेलं बरं. त्याचं मन खरंच तिथे आहे की नुसतं सीईटीच्या धास्तीने सुचलेलं आहे, हे मला तुमच्या पत्रातून कळत नाही. ते त्याच्याकडूनच ऐकायला हवं. दिवाळीच्या गर्दीत तो पॅकिंगला मदत करत असेल तर करू दे. पण त्यालाही त्याचे पैसे द्या आणि वहीत लिहा.

पाटी रंगून झाली नसेल तर रंगाऱ्याला आज संध्याकाळीच फोन करून थांबायला सांगा. नाव काय द्यायचं, ते वहिनींना विचारा. त्या पहिल्यांदा "तुम्हीच ठरवा" म्हणतील. तरी विचारा, आणि त्या सांगेपर्यंत थांबा. आणि चिरंजीवांना निरोप द्या, पुढचं पत्र त्यांनी स्वतः लिहावं, तुम्हाला न दाखवता पाठवावं. मी वाट बघते आहे.