दिवाळी अंकाचं उत्तर आलं नाही, म्हणून लिहिणं थांबवू का?

पत्र: बार्शीत मी कॉलेजच्या मुलांना जेवणाचे डबे देते. रात्री भांडी आवरली की लिहायला बसते. काही वर्षं झाली, गणपतीच्या आसपास एक-दोन दिवाळी अंकांना कथा पाठवते, पण कुणाची साधी पोचही येत नाही. आता एक प्रकाशक ४५ हजार भरले तर पुस्तक काढून देतो म्हणतोय. बांगड्या गहाण ठेवायचं मनात आहे. जाऊबाई म्हणतात, एवढं लिहून मिळालं काय? लिहिणं बंद करू का? छापून आलंच तर टोपणनाव चालेल का? सोबत एक कथा पाठवते आहे.
– डबेवाली

ताई,

आधी बांगड्यांचं बोलते, कारण तेच तातडीचं आहे. गहाण ठेवू नका.

त्या प्रकाशकाने दिलेला खर्चाचा कागद तुम्ही पत्राला जोडला, हे फार बरं केलंत. त्यात ‘आयएसबीएन शुल्क’ आणि ‘कॉपीराइट शुल्क’ अशा दोन रकमा आहेत. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. आपल्या देशात तो केंद्र सरकारची संस्था फुकट देते. आणि कॉपीराइट तुम्ही कथा लिहिलीत तेव्हाच तुमचा झाला. नोंदणी करता येते, पण ती सक्तीची नाही. जो माणूस या दोन गोष्टींचे पैसे मागतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. शिवाय पुस्तक छापलं त्याच दिवशी त्याचा नफा खिशात गेलेला असतो. पुढे ते दुकानात जावं, कुणी वाचावं, याची त्याला गरजच उरत नाही. गठ्ठे तुमच्या घरात येऊन पडतात. स्वखर्चाने पुस्तक काढणं चूक नाही, पण ते शिलकीतल्या पैशांतून आणि आपले वाचक कोण हे ठाऊक असताना. उद्या कुठल्याही प्रकाशकाशी करार झाला, तर हक्क किती वर्षांसाठी देताय ते आधी वाचा. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. ‘कायमस्वरूपी’ असा शब्द असेल तर सही करू नका.

पहिल्या पुस्तकासाठी एक रस्ता आहे, तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही, त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला तिथून अनुदान मिळतं. मंडळ त्यासाठी अर्ज मागवतं. अटी नीट वाचा आणि कथासंग्रह होण्याएवढ्या कथा हाताशी जमल्या की अर्ज करा. आज तेवढ्या नाहीत, आणि त्यात काही बिघडलेलं नाही.

आता त्या न आलेल्या उत्तरांविषयी. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. पण आजही कितीतरी अंक एखादा संपादक नोकरी सांभाळून, दोन-चार मित्रांच्या मदतीने काढत असतो. नेहमीच्या लेखकांना उन्हाळ्यातच निरोप जातात. गणपतीपर्यंत पानं लागायला लागलेली असतात, प्रुफं आणि जाहिराती यांची धावपळ असते. तुमची कथा नेमकी त्या दिवसांत पोचते, तीसुद्धा वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो म्हणून. ताई, बहुधा ती कुणी वाचलेलीच नाही. न वाचलेल्या कथेवरून ‘आपल्याला लिहिता येत नाही’ असा निकाल तुम्ही स्वतःला देऊन मोकळ्या झालात, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

येत्या वर्षी मार्च-एप्रिलमध्येच संपादकांना फोन करा. कथा कधीपर्यंत चालेल आणि किती शब्दांची, एवढंच विचारा. कथा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर नीट वाचता येईल अशा मराठी अक्षरांत, टाइप करून घ्या. डब्याला येणारं एखादं पोरगं आनंदाने करून देईल. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. दोन-तीन महिन्यांत काही कळलं नाही, तर ‘कथा मागे घेते आहे’ असं कळवून पुढच्या ठिकाणी पाठवा. आणि फक्त दिवाळीची वाट बघू नका, मासिकं आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनाही पाठवा. नकार तिथेही येतील. वाईट वाटेल, तरी कथा घरी ठेवू नका.

कथा मी दोनदा वाचली. पहिली दोन पानं काढून टाका. तिथे पहाट आहे, पक्षी आहेत, जीवनाविषयी विचार आहेत, आणि त्यातलं काहीच तुमचं नाही. कथा सुरू होते तिसऱ्या पानावर, जिथे रोज घासूनपुसून परत येणारा डबा एके दिवशी भरलेलाच परत येतो. झाकण उघडल्यावर भाकरीला सुटलेलं पाणी, शेंगाचटणीवर आलेला ओलावा, आणि ‘पोरगं उपाशी हाय का गावाला गेलं?’ हा त्या बाईचा प्रश्न. इथे मी थांबले, पुन्हा वाचलं. हे फक्त डबे भरणाऱ्या बाईलाच लिहिता येतं. पण पुढच्याच ओळीत ती ‘माझे अंतःकरण व्याकुळ झाले’ असं म्हणते. ती तशी बोलणार नाही. तुम्हीही मला लिहिलेल्या पत्रात तशा बोललेल्या नाहीत. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली आला. तो आजही वाचला जातो, कारण त्या बोलतात तशाच लिहितात. लायब्ररीतून आणा, आणि मग ही कथा त्या बाईच्या तोंडच्या बोलीत पुन्हा लिहून काढा. शेवटी मुलगा परत येऊन पाया पडतो, तोही प्रसंग नको. तो का जेवला नाही हे कळलं, की पुढचं वाचक समजून घेतो.

जाऊबाईंना उत्तर देत बसू नका. त्यांना एकदा ही कथा वाचून दाखवा, फक्त डब्याचा प्रसंग. त्यांनीही आयुष्यभर घरादाराला जेवू घातलंय. काय खटकतं ते त्या बरोबर सांगतील, आणि ते ऐका.

आणि हो, टोपणनाव चालतं. संपादकाला खरं नाव आणि पत्ता कळवायचा, छापायला टोपणनाव द्यायचं. मात्र कथेतल्या त्या मुलाचं गाव, कॉलेज आणि वडिलांचा धंदा बदला. तुमची कथा बार्शीतही वाचली जाईल, आणि त्याला ओळखणारं कुणी निघालं तर त्रास त्याला होईल.