वाचकांचे प्रश्न : जुनी जीप घेण्यापूर्वी

जुन्या फोर-व्हील जीपगाड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिले उत्तर सर्वांत लांबले आहे, कारण त्यातील तपासणी पुढच्या तिन्ही पत्रलेखकांनाही करावीच लागणार आहे.

प्रश्न : मालवणजवळच्या एका बागायतदाराकडे १९७२ सालची पेट्रोलवर चालणारी महिंद्रा सीजे-३बी विक्रीला आहे. गाडीला नुकताच नवा हिरवा रंग दिला असून इंजिन चालू आहे. मला ती सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर चालवायची आहे. पाहायला जाताना सोबत मेकॅनिक नेणे शक्य नाही. मी स्वतः काय तपासावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : विक्रीच्या तोंडावर दिलेला नवा रंग पाहिला की मी प्रथम गाडीच्या खाली शिरतो. आपणही जुने कपडे, सतरंजी, विजेरी, लहान हातोडी आणि लोहचुंबक बरोबर न्यावे, आणि बॉनेट उघडण्याआधी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पाहावी. या जीपचे इंजिन बिघडले तर दुसरे मिळते, ते जुने झाले तर बांधून घेता येते, आणि अख्खी बॉडी नव्याने घडवून देणारे कारागीरही आहेत. कुजलेली चेसिस मात्र बदलता येत नाही, कारण गाडीचा नंबर त्या लोखंडावर कोरलेला असतो आणि कायद्याच्या दृष्टीने ते लोखंड म्हणजेच गाडी होय.

मालवणची हवा खारी आहे आणि बागेतली गाडी बहुधा ओल्या झापांच्या मांडवाखाली उभी राहिलेली असते. त्यामुळे गंज वरून कमी आणि खालून जास्त असेल असे धरून चालावे. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर पुढून मागे हातोडीने हलकेच ठोकत जावे; निरोगी लोखंड खणखणते, आणि कुजलेल्या जागी आवाज बद्द होतो किंवा पापुद्रे निघतात. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हुक जिथे चेसिसला जोडलेले असतात त्या जागा, मागचा आडवा तुळईसारखा भाग, आणि आतून दुसरा पत्रा जोडून पट्टी पेटीसारखी बंद केलेल्या जागा विशेष बारकाईने पाहाव्यात, कारण तिथे शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. चेसिसची पट्टी आरपार कापून पुन्हा जोडल्याचे वेल्डिंग दिसले तर गाडी अपघातात सापडलेली असू शकते किंवा दोन गाड्यांची एक केलेली असू शकते. अशा गाडीची किंमत कितीही उतरली तरी मी ती घेणार नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. त्यात ठळक फरक निघाला तर चेसिस वाकलेली आहे किंवा पाट्याचा मधला बोल्ट तुटून आस (ॲक्सल) सरकला आहे. आस सरकल्याचा खर्च किरकोळ असतो, चेसिस सरळ करणे मात्र कठीण आणि महाग पडते.

बॉडीसाठी लोहचुंबकावर पातळ फडके गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पायाखालचा पत्रा आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्या हाताने दाबून पाहाव्यात. बॉडीतला गंज हा भाव पाडण्याचा मुद्दा आहे, सौदा मोडण्याचा नव्हे.

इंजिन थंड असताना सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरावा. आपण पोहोचण्यापूर्वीच रेडिएटर कोमट असेल तर तासाभराने पुन्हा यावे. मधल्या वेळात मालवणात जेवण चांगले मिळते. सीजे-३बीमध्ये २.२ लिटरचे, ७२ अश्वशक्तीचे एफ-हेड इंजिन असते. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे ते उंच झाले, आणि त्याला सामावून घेण्यासाठी या गाडीचे बॉनेटही उंच करावे लागले. सुरू होताना क्षणभर धूर आला तर घाबरू नये, पण गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर दाबताना सतत निळा धूर येत असेल आणि तेलाच्या टोपणातून वाफेसारखे फुंकर येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. तेलकाठीवर दुधी फेस दिसला तर पाणी तेलात शिरत आहे. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर ते सोसत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलण्याचा खर्च हिशेबात धरूनच ठेवावा.

गिअरबॉक्सविषयी एक गैरसमज आधी दूर करतो. या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (दातांचा वेग जुळवून गिअर अलगद पडू देणारी रचना) नसतो, म्हणून गाडी चालती असताना तो टाकताना खरखर झाली तर तो दोष नव्हे. दुसरा गिअर मात्र उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप निसटतो का, हे जवळच्या घाटीत नक्की पाहावे; हा या बॉक्सचा जुना आजार आहे. त्यामागच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीला, दोन लिव्हर असतात, एक पुढची चाके जोडण्यासाठी आणि दुसरा लो गिअरसाठी. दोन्ही बॉक्सच्या मधले सील गेले की तेल एकातून दुसऱ्यात उतरते, मग गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि ट्रान्सफर केस भरून वाहू लागते. दोन्हींचे पातळीचे बोल्ट उघडून बोट घालून पाहिल्यास हे लगेच कळते. फोर-व्हील तपासायचे तर डांबरी रस्त्यावर नको, वाळूत किंवा नांगरलेल्या जमिनीत तपासावे, कारण कोरड्या डांबरावर पुढच्या आणि मागच्या चाकांची ओढाताण होऊन दांड्यांवर ताण येतो.

पुढची चाके एकेक करून जॅकवर उचलावीत, वरून आणि खालून धरून हलवावीत. खट्खट् जाणवली तर किंगपिनची (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिची) बेअरिंग किंवा चाकाची बेअरिंग ढिली आहेत, आणि खड्ड्यानंतर स्टिअरिंगला जो जीवघेणा थरकाप सुटतो त्याचे मूळ बहुधा तिथेच असते. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि एकाच तेलवाहिनीवरचे असल्यामुळे एका चाकाचा सिलिंडर गळला तरी सगळे ब्रेक जातात. म्हणून पेडल दाबून एक मिनिट धरून ठेवावे आणि ते हळूहळू खाली जाते का ते पाहावे. हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या दांडीवर असतो. तो चढावर उभे राहून तपासावा. या गाडीत त्याला शोभेची वस्तू मानण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही.

प्रश्न : एका गृहस्थांकडे १९४४ सालची 'अस्सल युद्धातली विलिस' आहे. स्टिअरिंग उजवीकडे आहे, मागे उघडणारे फाळके आहे, पुढची काच एकसंध आहे. ते सीजे-३बीच्या तिप्पट किंमत सांगत आहेत. गाडी अस्सल कशी ओळखावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वर्णन केलेली तीनही लक्षणे विक्रेत्याच्या दाव्याविरुद्ध जातात. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. त्यांचे स्टिअरिंग डावीकडे होते, मागे फाळके नव्हते आणि पुढची काच दोन भागांची होती. आपल्याकडे राहिलेल्या अनेक गाड्यांचे स्टिअरिंग पुढे उजवीकडे आणले गेले, त्यामुळे एवढ्या एका गोष्टीवरून निकाल देता येणार नाही. पण मागचे फाळके आणि एकसंध काच या नागरी जीपच्या खुणा आहेत.

पत्रा पालटता येतो हे लक्षात घेऊन बॉनेट उघडावे. युद्धकाळातल्या इंजिनाचे हेड सपाट असते आणि स्पार्क प्लग त्याच्या माथ्यावर उभे बसवलेले असतात. वर व्हॉल्व्हचे झाकण असेल तर ते नंतरचे एफ-हेड इंजिन आहे. पुढच्या जाळीतील उभ्या फटी मोजाव्यात; युद्धातल्या पत्र्याच्या जाळीला त्या नऊ असतात, नागरी जीपला सात. युद्धातल्या गाडीचे हेडलाइट बिजागरीवर असतात आणि उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतो. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असते. फोर्डने बांधलेल्या जीपच्या बोल्टांच्या माथ्यांवरही एफ हे अक्षर उठवलेले असे, त्यामुळे गाडी विलिसची असून बोल्ट फोर्डचे सापडले तर त्यात आश्चर्य नाही; लष्करी वर्कशॉपमध्ये हाताला लागेल तो भाग बसवला जाई. एवढ्या उलथापालथीनंतर उरलेल्या गाडीला मी 'अस्सल' ऐवजी 'बहुतांशी जुनी' म्हणेन, आणि तिप्पट किंमत चेसिसवरचा नंबर व आरसी (नोंदणीपत्र) जुळल्याशिवाय देणार नाही. एकेकाळी मीही एका फाटक्या हिरव्या जीपवर असाच भाळलो होतो. ती तीन गाड्यांतून जन्मली होती, हे मला आरटीओत चेसिस घासून पुसायला सांगितल्यावर कळले.

प्रश्न : सांगली भागातली एक जीप पसंत आहे. पूर्वी ती वडापला, म्हणजे माणशी भाडे घेऊन होणाऱ्या प्रवासी वाहतुकीला, चालायची. मूळ पेट्रोल गाडीत आता डिझेल इंजिन बसवले आहे आणि आरसीवर इंधन पेट्रोलच लिहिलेले आहे. 'आरटीओचे काम आपला माणूस करून देईल' असे विक्रेता सांगतो. घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आरसीवर योग्य नोंद होईपर्यंत घेऊ नये. डिझेल स्वस्त असल्यामुळे एका काळात पेट्रोलच्या असंख्य जीपमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली. त्यांपैकी पुष्कळ गाड्या उत्तम चालतात, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीने आणि आरसीवर नोंदवूनच करायचा असतो. निर्मात्याने दिलेल्या मूळ स्वरूपापासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केल्यापासून मागाहून नोंद करून घेणे अधिकच अवघड झाले आहे. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करण्यासाठी आयतेच कारण मिळते.

वडापची गाडी असल्यामुळे आणखी एक गोष्ट पाहावी. तिची नोंद प्रवासी वाहतुकीची आहे की खासगी, हे आरसीवर वाचावे. प्रवासी वाहतुकीची असेल तर थकलेला कर, संपलेले फिटनेस आणि खासगी नोंदीत बदलण्याचे काम असे तीन खर्च आपल्या गळ्यात पडतील. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात जुन्या गाडीवर पर्यावरण करही भरावा लागतो; या पावत्या पूर्ण आहेत का ते पाहावे. कर्जाचा बोजा आरसीवर अजून दिसत असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती येईपर्यंत बयाणा देऊ नये. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसीशिवाय बोलणीच नकोत. लष्कराच्या लिलावातून आलेली आणि कधीच नोंदणी न झालेली गाडी कोणी दाखवलीच, तर लष्करी अधिकाऱ्यांचा मूळ फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) मागावा. त्याची छायाप्रत किंवा 'मिळेल' हे आश्वासन पुरेसे नाही.

विक्रेत्याच्या 'आपल्या माणसा'ला काम जमत असते, तर त्यांनी ते विकण्यापूर्वीच करून घेऊन दहा-वीस हजार जास्त मागितले असते.

प्रश्न : माझ्या आजोबांची १९६५ सालची जीप माझ्या नावावर आहे. दर रविवारी ती त्र्यंबकच्या बाजूला चिखलात न्यायचा बेत आहे. तिला 'व्हिंटेज' नंबर घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ती चालवायची असेल तर घेऊ नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेल्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, ती १० वर्षे टिकते आणि नंबरात व्हीए ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. दर रविवारी त्र्यंबकच्या बाजूला चिखलात जाण्याचा आपला बेत त्यात बसत नाही. साधी नोंदणी वेळेत नूतनीकृत करत राहावे.