वाचकांचे प्रश्न : जपानी वाचायला शिकताना

प्रश्न : बारावीत आहे. दहावीपर्यंतचं माझं बरंचसं वाचन मराठीतच झालं. जपानी शिकायला घेतलंय, पण पुस्तकातले सगळे शब्द रोमन अक्षरांत आहेत. आधी रोमनवरून बोलायला शिकू आणि लिपी मागाहून घेऊ, की उलट? लिपीला किती दिवस द्यावेत?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

लिपी आधी. देवनागरी येणाऱ्याला मध्ये रोमनची पायरी लागतच नाही, उलट तिच्यामुळे उच्चार बिघडतात.

हिरागाना म्हणजे जपानीची पहिली अक्षरलिपी, तिचा तक्ता उघडा. पहिली ओळ अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आता आपली वर्णमाला म्हणा : क, च, ट-त, न, प, म, य, र, व. हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृत मंत्रांसाठी जपानमधले बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम आला. आपल्या ‘प’च्या जागी तिथे ‘हा’ दिसतो, कारण त्या अक्षराचा जुना उच्चार ‘प’ होता. म्हणूनच ‘हा’च्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की ‘बा’ होतो आणि छोटं वर्तुळ दिलं की ‘पा’. त्याच दोन रेघांनी ‘का’चा ‘गा’ आणि ‘ता’चा ‘दा’ होतो. व्याकरणात शिकलेले कठोर आणि मृदू वर्ण इथे थेट कामाला येतात.

‘ता’च्या ओळीत रोमनवरून शिकणारे अडखळतात. ती ओळ ता, चि, चु, ते, तो अशी आहे. यातला ‘चि’ चिवड्यातला आणि ‘चु’ चुकीतला. हे दोन वेगळे ‘च’ मराठी जिभेला आयते येतात. रोमन पाहून ‘त्-सु’ असं तोडून म्हणू नका.

तक्त्यातलं शेवटचं ‘न्’ हे अक्षर म्हणजे जवळजवळ आपला अनुस्वार. शिंबुन (वर्तमानपत्र) मध्ये त्याचा म् होतो, कोंदो (या खेपेस) मध्ये न्, आणि गिंकोऽ (बँक) मध्ये ‘अंक’ शब्दातला उच्चार. फरक एवढाच, की जपानीत या अक्षराला स्वतःची पूर्ण एक मात्रा असते. ते घाईत गिळू नका.

मराठी माणूस फसतो तो ह्रस्व-दीर्घात. आपण ते लिहिताना पाळतो, बोलताना फारसं पाळत नाही. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. लहान आकारात लिहिलेली अक्षरंही डोळ्यांत तेल घालून पाहायची. ‘बि’च्या पुढे लहान ‘यो’ असेल तर ‘ब्यो’ असं जोडाक्षर होतं. त्यामुळे ‘ब्योऽइन’ म्हणजे इस्पितळ, आणि तोच ‘यो’ पूर्ण आकाराचा असला तर ‘बियोऽइन’ म्हणजे ब्युटी पार्लर. लहान ‘चु’ स्वतः उच्चारला जात नाही, तो पुढच्या व्यंजनाचं द्वित्त करतो : ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे टपालाचं तिकीट.

आता दिवसांचा हिशेब. मूळ अक्षरं ४६. रोज पाच घेतली तर दहा दिवस. गणिताची चौकोनी वही घ्या, एक अक्षर दहादा लिहा, मग पान झाकून आठवणीने लिहा. दुसऱ्या दिवशी नवीन अक्षरं घेण्याआधी कालची तपासा, आणि तीही क्रम मोडून. तक्ता पाठ म्हणत राहिलं की अक्षर ओळखू येत नाही, फक्त त्याची जागा लक्षात राहते. पुढचे चार-पाच दिवस रेघा, वर्तुळ आणि जोडाक्षरांना द्या, त्यानंतर काताकाना, म्हणजे मुख्यतः परकी शब्दांसाठीची दुसरी अक्षरलिपी. रोज अर्धा तास नेमाने बसलात तर पाच आठवड्यांत दोन्ही लिप्या हळूहळू का होईना, वाचता येतात.

एक अपवाद सुरुवातीलाच लिहून ठेवा. विभक्तीच्या प्रत्ययासारखा जोडून आला की ‘हा’ हे अक्षर ‘वा’ असं वाचतात, ‘हे’ हे अक्षर ‘ए’ असं, आणि ‘वो’चा ‘ओ’.

प्रश्न : काताकानातले ‘शि’ आणि ‘चु’, तसेच ‘सो’ आणि ‘न्’ मला सारखेच दिसतात. शिवाय हिरागानातला ‘कि’ पुस्तकात एक आणि शिक्षकांच्या हस्ताक्षरात दुसराच असतो.
— वाचक, म्हापसा

ही अक्षरं नुसती पाहून सुटत नाहीत, हाताने लिहावी लागतात. ‘शि’च्या दोन बारीक रेघा एकाखाली एक, डाव्या कडेला, लांब रेघ खालून वर जाते. ‘चु’च्या दोन रेघा शेजारी शेजारी, वरच्या कडेला; लांब रेघ वरून खाली येते. ‘न्’ची चाल ‘शि’सारखी, ‘सो’ची ‘चु’सारखी. रोज वीस वेळा दिशा सांभाळून लिहा, आठवड्याभरात छापील अक्षरातही रेघेचं जाड टोक दिसू लागेल. रेघ सुरू होते तिथे ती बहुधा जाड असते.

सरावाला जवळचे शब्द घ्या. ‘गोआ’ दोनच अक्षरांत लिहितात : दोन रेघांचा ‘को’ आणि पुढे ‘अ’. ‘होतेरु’ म्हणजे हॉटेल. जपानीत ल नाही. ‘पान’ म्हणजे पाव. हा शब्द पोर्तुगीजांकडून जपानमध्ये गेला, आणि आपल्या पोदेराकडचा पावही त्याच मुळाचा. ‘पान’ लिहिताना शेवटची रेघ उलट्या दिशेने ओढली तर ‘पासो’ होईल आणि कोणाला काही कळणार नाही.

‘कि’ची दोन्ही रूपं बरोबर आहेत. छापील टंकात खालची वळणदार रेघ वरच्या तिरप्या रेघेला जोडलेली असते, हाताने लिहिताना ती सुटी ठेवतात. ‘सा’चंही तसंच. शाळेच्या पुस्तकांसाठीचा ‘क्योऽकाशो’ नावाचा टंक हस्ताक्षराला जवळचा असतो. गिरवायला तोच वापरा.

प्रश्न : हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर आहे, एन-५ (जपानी भाषेची सर्वांत सोप्या पातळीची) परीक्षा द्यायची आहे. एकाच कांजीचे (चिनीतून आलेल्या चित्राक्षराचे) चार-चार उच्चार कसे लक्षात ठेवायचे? किती कांजी लागतील?
— वाचक, मडगाव

पाण्याचं चित्राक्षर घ्या. एकटं आलं तर ‘मिझु’. बुधवारच्या ‘सुइयोऽबि’मध्ये तेच अक्षर ‘सुइ’ होतं. आपण ‘पाणी’ सुटं वापरतो आणि जोडशब्दात ‘जल’ आणतो : जलमार्ग, जलाशय. जपानीत ‘मिझु’ देशी आणि ‘सुइ’ चिनीतून आलेला; फक्त दोघांचं अक्षर एकच. कांजी एकटी असेल किंवा तिला हिरागानाची शेपटी असेल तर बहुधा देशी उच्चार, दोन कांजी जोडून आल्या तर बहुधा चिनी. अपवाद पुष्कळ आहेत. रविवार ‘निचियोऽबि’, त्यात एकच अक्षर सुरुवातीला ‘निचि’ आणि शेवटी ‘बि’. म्हणून उच्चारांच्या याद्या पाठ करू नका, पूर्ण शब्द पाठ करा.

अक्षरांचे भागही ओळखा. डाव्या बाजूला तीन थेंब दिसले की पाण्याशी संबंध : समुद्र, पोहणे, धुणे, सगळ्यांत ते आहेत.

वाक्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमासु’, म्हणजे मी पाणी पितो, हे सलग लिहितात. ‘वाताशि’, ‘मिझु’ आणि ‘नो’ कांजीत; ‘वा’, ‘ओ’ आणि ‘मिमासु’ हिरागानात. हिरागाना संपून पुन्हा कांजी आली की सहसा तिथे नवा शब्द सुरू होतो. क्रमही मराठीचाच : कर्ता, कर्म, क्रियापद.

एन-५ साठी कांजींची अधिकृत यादी नाही, साधारण शंभर पुरतात. नेहमीच्या वापराच्या कांजी २,१३६ आहेत, जपानी मुलं पहिलीत ८० शिकतात. परीक्षेत लिहायचं नसतं, फक्त पर्याय निवडायचे. एकूण १८० पैकी ८० गुण हवेत, पण भाषाज्ञान-वाचनात १२० पैकी किमान ३८ आणि श्रवणात ६० पैकी किमान १९ मिळालेच पाहिजेत. वाचनात पैकीच्या पैकी मिळवूनही श्रवणात १८ आले तर नापास, तेव्हा ऐकण्याचा सराव सोडू नका. अर्ज भरताना केंद्र जुलैचं की डिसेंबरचं ते पाहून घ्या, सगळीकडे दोन्ही वेळा परीक्षा नसते.

प्रश्न : ‘सरळ’ या अर्थाची कांजी पुस्तकात एक आणि मोबाईलवर वेगळी दिसते. चूक कुणाची?
— वाचक, पेडणे

पुस्तक बरोबर आहे. संगणकीय संकेतात या कांजीच्या चिनी आणि जपानी रूपांना एकच क्रमांक दिलेला आहे. कोणता आकार दाखवायचा ते फोन ठरवतो आणि बऱ्याचदा चिनी दाखवतो. जपानी आकारात डावीकडून खाली येऊन तळाशी उजवीकडे वळणारी काटकोनी रेघ असते, चिनीत तळाला नुसती आडवी रेघ. फोनच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी किंवा इंग्रजीच्या खाली जपानी जोडा. चिनी आधीच असेल तर जपानी तिच्या वर सरकवा. मग ॲप बंद करून पुन्हा उघडा आणि हीच कांजी परत पाहा.