वाचकांचे प्रश्न : सामाईक मुले असूनही गट स्वतंत्र कसे?

प्रश्न : ६० विद्यार्थ्यांच्या एका वर्गात ३६ जण संगीत शिकतात, २५ जण बुद्धिबळ खेळतात आणि १५ जण दोन्ही करतात. यादृच्छिकपणे एक विद्यार्थी निवडल्यास तो संगीत शिकणारा असणे आणि बुद्धिबळ खेळणारा असणे या घटना स्वतंत्र आहेत, असे उत्तर पुस्तकात दिले आहे. दोन्ही गटांत १५ मुले सामाईक असताना त्यांना स्वतंत्र कसे म्हणता येईल? शिवाय सशर्त संभाव्यता (एक घटना घडल्याचे कळल्यावर दुसरीची संभाव्यता) काढताना १५ ला ६० ने भागायचे की ३६ ने?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिला जवळजवळ आपोआप सुटतो. ‘निवडलेला विद्यार्थी संगीत शिकतो’ हे कळले, त्याच क्षणी उरलेले २४ जण विचारातून बाद झाले. आता आपला सगळा वर्ग म्हणजे ते ३६ जणच. त्यांच्यापैकी १५ जण बुद्धिबळ खेळतात, म्हणून संगीत शिकणारा विद्यार्थी बुद्धिबळ खेळणारा असण्याची संभाव्यता १५/३६, म्हणजे ५/१२. १५/६० ही दोन्ही घटना एकत्र घडण्याची संभाव्यता आहे आणि या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये. अट उलटी असेल, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा विद्यार्थी संगीतही शिकतो का असे विचारले असेल, तर छेदस्थानी २५ येतील आणि उत्तर ३/५ होईल.

आता संपूर्ण वर्ग पाहा. त्यात बुद्धिबळ खेळणाऱ्यांचे प्रमाण २५/६०, म्हणजे पुन्हा ५/१२च आहे. संगीत न शिकणाऱ्या २४ जणांत बुद्धिबळ खेळणारे १० आहेत, तेही ५/१२. थोडक्यात, विद्यार्थी संगीत शिकतो की नाही हे कळल्याने त्याच्या बुद्धिबळाविषयीचा आपला अंदाज तसूभरही हलत नाही, आणि स्वातंत्र्य म्हणतात ते यालाच. पुस्तकातला गुणाकाराचा नियम हेच दुसऱ्या शब्दांत सांगतो : ३६/६० गुणिले २५/६० बरोबर १५/६०.

आपला गोंधळ बहुधा ‘स्वतंत्र’ या शब्दामुळे झाला असावा. व्यवहारात स्वतंत्र म्हणजे वेगवेगळे, एकमेकांत न मिसळणारे, असा अर्थ आपण घेतो. पण ज्या गटांत एकही सामाईक सदस्य नाही, ते गट संभाव्यतेच्या दृष्टीने परस्परांवर अवलंबूनच असतात, कारण एकात असल्याचे कळताच दुसऱ्यात नसल्याची खात्री होते. (दोन्ही गटांत कोणीतरी आहे, असे येथे अर्थातच गृहीत धरले आहे.) त्यामुळे आकृतीत दोन गटांची वर्तुळे एकमेकांत शिरलेली दिसतात, एवढ्यावरून स्वातंत्र्याचा निर्णय करता येत नाही. सामाईक भाग किती आहे, हे मोजावेच लागते.

हे स्वातंत्र्य किती नाजूक असते, याची एक गंमत पाहा. ज्या १४ मुलांना संगीतही येत नाही आणि बुद्धिबळही, त्यांतला एक जण वर्ग सोडून गेला असे समजा. ३६, २५ आणि १५ या तिन्ही संख्या जशाच्या तशा राहिल्या, वर्तुळांना धक्काही लागला नाही, तरी एकूण विद्यार्थी ५९ झाल्यामुळे १५/३६ आणि २५/५९ समान राहिले नाहीत, आणि स्वातंत्र्य संपले. प्रत्यक्ष पाहणीत मात्र एवढ्याशा फरकावरून संगीताचा आणि बुद्धिबळाचा काही संबंध आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. इतका फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

तीन गट असतील, तर प्रत्येक जोडी तपासून थांबू नये. दोन नाणी फेकली आणि ‘पहिल्यावर छापा’, ‘दुसऱ्यावर छापा’ व ‘दोन्हींवर सारखेच’ अशा तीन घटना घेतल्या, तर त्यांतल्या कोणत्याही दोन स्वतंत्र असतात; पण तिन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता १/४ येते आणि तिन्हींच्या संभाव्यतांचा गुणाकार मात्र १/८, म्हणून तिन्ही मिळून त्या स्वतंत्र नाहीत.