ट्रंकेतलं हिरवं नाणं रोमन आहे का?

प्रश्न : नमस्कार भाऊ, आमच्या अमळनेरच्या जुन्या घरात आजोबांच्या ट्रंकेत एक हिरवट-काळं नाणं निघालं. आताच्या रुपयापेक्षा लहान, सराफाच्या काट्यावर दोन ग्रॅमच्या वर भरलं. एका बाजूला माणसाचं डोकं आणि इंग्रजीसारखी अक्षरं, त्यातलं 'सी ओ एन एस टी ए एन टी आय' एवढंच लागतं, पुढचं मळात गेलंय. मागे भाले घेतलेली दोन माणसं, मधे दोन काठ्या. कोणी म्हणतं लाखात जाईल, कोणी म्हणतं चिंचेने घासून बघ. काय करू?

उत्तर : दादा, चिंच वरणात घाला, नाण्याला लावू नका! बारीक अक्षरं बऱ्याचदा त्या हिरव्या थरातच टिकलेली असतात, थर गेला की अक्षरंही गेली.

वर्णनावरून रोमनच वाटतंय. मधल्या काठ्या म्हणजे सैन्याची निशाणं, आणि कडेने 'ग्लोरिया एक्सर्सितुस' म्हणजे सैन्याचा गौरव असं लिहिलेलं असणार. दोन निशाणं म्हणजे साधारण इ.स. ३३० ते ३३५, नंतर ३४१ पर्यंत एकच निशाण काढायचे, म्हणून चेहऱ्याआधी मागची बाजू बघायची, कारण चेहरे सगळे सारखेच दिसतात.

आता नाव. 'टी आय'च्या पुढे एन असेल तर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन, थेट व्ही असेल तर त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस (यू च्या जागी ते व्हीच कोरायचे). पण कॉन्स्टंटाइनही दोन, बाप आणि लेक. बापाच्या नावापुढे 'मॅक्स ऑग' (थोर सम्राट) आणि डोक्याला रत्नांची पट्टी, लेकाच्या नावापुढे 'नोब सी' (म्हणजे युवराज) आणि डोक्यावर पानांची माळ. सैनिकांच्या पायाखाली आडवी रेघ असते, तिच्या खालची अक्षरं टांकसाळीची. 'एस एम ए एन' म्हणजे अँटिओक, 'एस एम ए एल' म्हणजे अलेक्झांड्रिया, 'सी ओ एन एस' म्हणजे आजचं इस्तंबूल.

आपल्याकडे रोमन म्हणून दाखवतात ती बरीच नाणी पश्चिमी क्षत्रप या आपल्याकडच्या जुन्या राजघराण्याची निघतात, त्यांच्यावरही राजाचं डोकं आणि भोवती बिघडलेली ग्रीक अक्षरं असतात, पण ती बहुतेक चांदीची आणि मागे तीन कमानींचा डोंगर, चंद्र-सूर्य, ब्राह्मी लेख. तुमचं तसं नाही.

लाखाचं मात्र विसरा, ही नाणी तेव्हा ढिगाने पाडलेली. शेतात नांगरताना सापडलं असतं तर १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागलं असतं, आणि परदेशी कोणाला विकायच्या फंदात तर पडूच नका, १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आडवा येतो.

नाण्यावर फिकट हिरवी भुकटी सुटतेय का तेवढं बघा. सुटत असेल तर धातू आतून खाल्ला जातोय, कोरड्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. आणि फोटो पाठवताना फ्लॅश नको, खिडकीजवळ तिरप्या उजेडात काढा, रेघेखालची अक्षरं दिसली पाहिजेत.