पिकलेल्या आंब्याचा साल्सा कपाटात टिकेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पिकलेला आंबा आणि पपई घालून साल्सा (बारीक फोडींची आंबट-तिखट मेक्सिकन चटणी) केला, फार आंबट लागला म्हणून कृतीतलं व्हिनेगर निम्म्यावर आणलं, कांदा-लसूण वाढवला, कढत साल्सा बरण्यांत भरून बरण्या उलट्या ठेवल्या. झाकणं घट्ट आत ओढली गेली, चार दिवस बरण्या कपाटात आहेत, आता भेट म्हणून द्यायच्या आहेत. चालेल का?

नाही. कुणाला देऊ नका आणि स्वतःही चाखून बघू नका. इतकी चिराचिरी करून भरलेल्या बरण्या टाकायला सांगणं मला जड जातंय, पण इथे मधला मार्ग नाही.

झाकण आत ओढलं गेलं म्हणजे बरणीतली हवा गेली, एवढंच. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला नेमकी अशीच जागा लागते: हवा नाही, ओलावा भरपूर, तापमान घरातलं. त्याचे बीजाणू १०० अंश सेल्सिअसच्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना ११६ ते १२१ अंश लागतात आणि ते प्रेशर कॅनरमध्येच, म्हणजे बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवणाऱ्या भांड्यातच, मिळतात. बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून टिकवलेला साल्सा सुरक्षित राहतो तो आम्लामुळे. पीएच, म्हणजे सामू (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), ४.६ किंवा त्याहून कमी असला की हे बीजाणू वाढत नाहीत. विष तयार झालं तर वासावरून किंवा चवीवरून ते कळेलच असं नाही, आणि अगदी थोडं पोटात गेलं तरी माणूस लुळा पडू शकतो. म्हणून चाखून बघायलाही नको म्हणतोय.

आता तुमच्या साल्सात काय झालं ते बघा. कांदा, लसूण, मिरची या सगळ्यांत आम्ल कमी. पपईचा सामू ५ च्या वर असतो. पिकलेला आंबाही ४.६ ची रेषा सहज ओलांडतो. फळ जितकं पिकतं तितकं आम्ल कमी होत जातं. म्हणजे आम्ल आणणारं व्हिनेगरच तेवढं होतं आणि तेच निम्मं झालं. साल्सातलं व्हिनेगर चवीसाठी घातलेलं नसतं, हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीचे नियम आपोआप समजतात. आंबट लागलं तर साखर वाढवा. व्हिनेगरला हात लावू नका.

सुरुवातीच्या वर्षांत मीही कढत भरून बरण्या उलट्या ठेवत असे. तीन आठवड्यांनी दोन झाकणं फुगलेली दिसली आणि मी सगळा घाणा टाकून दिला. तेव्हापासून तपासलेल्या कृतीशिवाय मी एकही बरणी कपाटात ठेवलेली नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्वेशनची आंब्याच्या साल्साची कृती मी वापरतो. तिच्यात पिकलेला आंबा नाही, कडक हिरवी कैरीच लागते. कैरीच्या फोडी ६ कप, लाल ढोबळी मिरची दीड कप, बारीक चिरलेला कांदा अर्धा कप, लसूण आणि आलं प्रत्येकी २ छोटे चमचे, सुक्या मिरचीचे तुकडे अर्धा छोटा चमचा, ब्राऊन शुगर १ कप, ५ टक्के आम्लतेचं सायडर व्हिनेगर सव्वा कप, पाणी अर्धा कप. सगळं एकत्र उकळी आणायचं, मग मंद आचेवर ५ मिनिटं. पाव लिटरच्या साधारण ६ बरण्या होतात. कैरीच्या चिकाने कुणाकुणाच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला.

गरम बरण्यांत भरताना वर अर्धा इंच जागा सोडा, अडकलेले हवेचे बुडबुडे काढा, बरणीची कड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. कडेवर फोडीचा एक कण राहिला तरी झाकण बसत नाही. सपाट झाकण नवंच घ्या, त्यावरची फिरकीची रिंग बोटांच्या जोराने लागेल तितकीच आवळा. मग बरण्या उभ्याच, डोक्यावर किमान एक इंच पाणी राहील अशा उकळत्या पाण्यात. वेळ मोजायची ती पाणी पुन्हा खळखळून उकळायला लागल्यावर. साधारण ३०० मीटर उंचीपर्यंत १० मिनिटं, १,८०० मीटरपर्यंत १५, त्याहून उंचावर २०, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. नंतर १२ ते २४ तास हलवू नका. मधोमध दाबल्यावर टक् असा आवाज आला तर ती बरणी फ्रीजमध्ये.

बदल करायचाच असेल तर सुके मसाले आणि मीठ कमी-जास्त करा. एका जातीच्या मिरचीऐवजी दुसरी चालते, पण एकूण माप तेच. व्हिनेगरऐवजी तितकाच बाटलीतला लिंबाचा रस चालतो, उलट मात्र नाही, कारण लिंबू जास्त आम्ल असतं. ताजी कोथिंबीर वाढताना घाला. घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअरसुद्धा बरणी उघडल्यावरच; आधी घातलं तर उष्णता मध्यापर्यंत नीट पोचत नाही.

पपई आणि पिकलेल्या आंब्याचा साल्सा मलाही फार आवडतो. तो करा, हवं तितकं कमी व्हिनेगर घाला, पण फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा, नाहीतर छोट्या डब्यांत फ्रीझ करा. फोडी थोड्या मऊ पडतात, चव टिकते. आत्ताच्या बरण्या न उघडता जाड पिशवीत घालून, तोंड बांधून, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाहीत अशा कचऱ्यात टाका. भेटीसाठी कैरीचा घाणा करायला एक दुपार आणि एक रात्र पुरते. बरणीवर तारीख आणि 'उघडल्यावर फ्रीजमध्ये' एवढं लिहून द्या.