अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना कोणत्या छोट्या कॉलेजने जिंकला?

अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजने. १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्ड गावी त्यांनी विल्यम्स कॉलेजला ७३-३२ असं हरवलं.

हा आकडा वाचून छापण्यात चूक झाली असं वाटेल, पण नाही. तेव्हा ते ‘मॅसॅच्युसेट्स नियमां’नी खेळले होते आणि तो खेळ आजच्या बेसबॉलपेक्षा फार वेगळा. एका बाजूला १३ खेळाडू, बेसच्या (म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांच्या) जागी जमिनीत रोवलेले खुंट, एक गडी बाद झाला की डाव संपला. मला सगळ्यात आवडतो तो धावणाऱ्याला चेंडू फेकून मारून बाद करण्याचा नियम. आपल्या आबाधुबीचीच आठवण येते! फाउल, म्हणजे ठरलेल्या रेषांबाहेर गेलेला चेंडू, हा प्रकारच नव्हता, त्यामुळे चेंडू मागे गेला तरी पळायला मोकळीक.

अ‍ॅम्हर्स्टचा चेंडू फेकणारा गडी विद्यार्थी नसून एक लोहार आहे, अशी अफवाही तेव्हा उठली होती.

आणि हो, त्याच भेटीत दोन्ही कॉलेजांचा बुद्धिबळाचा सामनाही झाला. तोही अ‍ॅम्हर्स्टनेच जिंकला. मैदान आणि पट, दोन्हीकडे एकाच वेळी मान मिळवणारं हे कॉलेज मला म्हणूनच फार भावतं.